वरची ओळ, खालची ओळ

नाशिकला मित्राच्या घरी गेलो की रात्रीची जेवणं आटोपल्यावर आम्ही एक खेळ खेळतो. हॉलमधला दिवा मालवायचा, स्पीकर लावायचा आणि डोळे मिटून बसायचं. बॉबी किंबॉल गात असेल तर डावा हात वर. जिमी जेमिसन गात असेल तर उजवा. दोघं एकत्र आले की दोन्ही हात. पंच म्हणून मित्राची मुलगी बसते. तिला हे संगीत फारसं आवडत नाही, पण आमचे हात जिथं वेगळे पडतात ती जागा ती वहीत इमानदारीनं टिपते, मिनिट-सेकंदासकट. पहिल्या रात्री एका गाण्यात अकरा जागा निघाल्या. हे दोन आवाज आम्ही तीस वर्षांहून जास्त काळ ऐकत आलो आहोत. झोपेत कोणी एक ओळ कानावर घातली तरी ओळखू, अशी खात्री होती. तरीही अकरा जागा.

आमचा खेळ ज्या अल्बमवर चालतो तो २०११ सालचा. त्याला वेगळं नावसुद्धा दिलेलं नाही, दोघांची आडनावं शेजारी शेजारी ठेवली, 'किंबॉल जेमिसन', आणि झालं. किंबॉल तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता, जेमिसन साठ. एक टोटोचा गायक, दुसरा सर्व्हायव्हरचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत जे सुरेल रॉक घराघरात पोहोचलं, त्यातल्या दोन मोठ्या बँडचे हे दोन गळे. आयुष्य उतरणीला लागल्यावर ते एका अल्बमपुरते एकत्र आले.

आमची या आवाजांशी गाठ पडली ती सांगलीच्या हॉस्टेलवर, १९९३ साली. मित्राचा चुलतभाऊ आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना तो कॅसेट आणायचा, आणि त्या आमच्या खोलीत येईपर्यंत चार-पाच जणांनी त्यांच्या कॉप्या काढलेल्या असायच्या. कव्हरच्या जागी वहीचा कागद, त्यावर बॉलपेनानं लिहिलेली बँडची नावं. गायकाचं नाव त्यात कधीच नसायचं. त्यामुळे टोटो हे एका माणसाचं नाव आहे आणि तोच हे सगळं गातो, असं आम्ही पहिलं वर्षभर धरून चाललो होतो.

'रोझॅना' या गाण्यानं आम्हाला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकलं. सुरुवातीला एक आवाज येतो, काहीसा जाड, जमिनीवर पाय रोवून बोलल्यासारखा. मग गाणं एक पायरी चढतं आणि अचानक पट्टीच्या पार वरच्या टोकाला कोणीतरी उभं असतं. आवाज तापलेला, पण काठ फाटलेले नाहीत. एकच माणूस एका श्वासात तिकडून इकडे पोचला कसा, यावर आम्ही रात्र रात्र वाद घातला. तो एक माणूस नव्हताच. पहिला आवाज गिटारवाल्या स्टीव्ह लूकॅथरचा, वरचा किंबॉलचा. 'आफ्रिका'तही अशीच वाटणी आहे. कडवी म्हणतो डेव्हिड पेच, कीबोर्डवाला, आणि कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, जो आवाज छप्पर उचलतो तो किंबॉलचा. ही दोन्ही गाणी 'टोटो ४' या अल्बममधली. १९८३ च्या ग्रॅमीमध्ये त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला, 'रोझॅना'ला रेकॉर्ड ऑफ द इयर. पुढच्याच वर्षी किंबॉल बँडबाहेर होता. परत यायला त्याला जवळजवळ पंधरा वर्षं लागली.

म्हणजे ज्या गाण्यांनी त्याचं नाव राहिलं, त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन गाण्यांत तो अर्धाच आहे. दुसऱ्या कोणी बांधून दिलेल्या जिन्यानं वर यायचं आणि गच्चीवर उभं राहून गायचं, हे काम तो तेव्हापासून करत आला होता. हे माझ्या ध्यानात आलं ते पन्नाशीनंतर. हॉस्टेलवर आम्हाला फक्त गच्ची दिसायची.

जेमिसनची गोष्ट वेगळी आणि मला जास्त जवळची. तो मेम्फिसमध्ये वाढलेला. सर्व्हायव्हर म्हटलं की जगाला 'आय ऑफ द टायगर' आठवतं, 'रॉकी ३' मधलं, १९८२ सालचं. ते जेमिसननं गायलेलं नाही. ते डेव्ह बिकलरचं. बिकलरच्या गळ्यानं त्रास दिला, त्याला बँड सोडावा लागला आणि १९८४ साली त्याच्या जागी जेमिसन आला. आल्या आल्या त्यानं जो अल्बम केला त्यातली तीन गाणी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या वीसांत गेली. 'द सर्च इज ओव्हर' हे संथ गाणं तर चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. 'रॉकी ४' साठी गायलेलं 'बर्निंग हार्ट' दुसऱ्या क्रमांकावर गेलं. एवढं कमावूनही प्रत्येक मैफिलीत लोक ज्या गाण्याची वाट पाहत थांबायचे ते दुसऱ्याचं असायचं. ते त्यानं वर्षानुवर्षं गायलं. त्याची रेकॉर्डिंग्ज मी लक्ष देऊन ऐकली आहेत. कुठंही उरकल्यासारखं वाटत नाही. पाहुण्याच्या मुलाला आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घालावं, तसं ते गाणं तो गातो.

आणि 'बेवॉच'. हॉस्टेलच्या टीव्हीच्या खोलीत ती मालिका लागायची तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. सुरुवातीचं शीर्षकगीत लागलं की सगळी खोली त्यात आवाज मिसळायची. तो आवाज जेमिसनचा. ते गाणं रचण्यातही त्याचा वाटा होता. भारतात केबल पोचलेल्या किती घरांत तो आवाज आठवड्याच्या आठवड्याला गेला असेल, आणि त्यातल्या कितीजणांना त्याचं नाव ठाऊक असेल! आम्हालाही नव्हतं. आमच्या कपाटात त्याच आवाजाची सर्व्हायव्हरची कॅसेट पडली होती आणि दोन्हींत एकच माणूस गातोय हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

अशी दोन माणसं. आवाज जगभर गेलेले आणि नावं मागे राहिलेली. म्हणूनच २०११ च्या त्या अल्बमवर बाकी काही न लिहिता फक्त दोन आडनावं छापलेली पाहिली तेव्हा मला फार बरं वाटलं.

हा अल्बम कसा झाला ते सांगायला हवं, कारण त्यावर घेतला जाणारा आक्षेप मलाही मान्य आहे. इटलीत नेपल्सला फ्रंटियर्स नावाची रेकॉर्ड कंपनी आहे, १९९६ मध्ये सुरू झालेली. अमेरिकेत या संगीताची फॅशन ओसरली, रेडिओवाल्यांनी पाठ फिरवली, तेव्हा या कंपनीनं त्यातल्या जुन्या गायकांना हाका मारून परत स्टुडिओत आणलं. त्यांची एक रीतच आहे, दोन गळे निवडायचे, गाणी वेगवेगळ्या गीतकार-संगीतकारांकडून गोळा करायची, एक कर्ता माणूस नेमायचा. इथं तो कर्ता माणूस म्हणजे जर्मनीचा मॅट सिनर, स्वतः बेस वाजवणारा आणि जड रॉकमध्ये मुरलेला. त्यामुळे कोणाला वाटेल, हा ठरवून जुळवलेला घाट आहे, दोन मित्रांनी ओसरीवर बसून केलेलं हे गाणं नाही. खरं आहे. काही गाणी कारागिरीच्या पलीकडे जात नाहीत. गिटारचा थर टोटोच्या सवयीच्या कानाला जाड वाटतो. टोटोच्या जुन्या ध्वनिमुद्रणात वाद्यांच्या मधून जी हवा खेळते ती इथं कमी आहे. शब्दही तेच, प्रेम, विरह, पुन्हा उभं राहणं.

पण ठरवून जुळलेल्या लग्नांचा संसार होत नाही असं कोण म्हणेल?

त्याच कंपनीनं आधी २००५ साली आणखी दोन जबरदस्त गायक जोडीला बसवले होते, रसेल ॲलन आणि योर्न लांडे. त्या अल्बमचं नाव होतं 'द बॅटल', लढाई. पुढच्याचं 'द रिव्हेंज', सूड. तिसऱ्याचं 'द शोडाउन', आमनेसामनेची शेवटची झुंज. गाणी उत्तम आहेत, माझ्या गाडीत अजून वाजतात. पण दोन पुरुष एकत्र गाणार म्हटलं की ती कुस्तीच असली पाहिजे, हे कल्पनेतच गृहीत धरलेलं. किंबॉल आणि जेमिसनच्या बाबतीत तसं काही मांडलेलं नाही. ऐकतानाही तसं वाटत नाही. या दोघांत कोण सरस, हा प्रश्न गाणं चालू असताना मनात उभाच राहत नाही. त्याऐवजी दुसराच प्रश्न पडतो आणि तोच आमचा खेळ आहे: आत्ता कोण?

हा प्रश्न पडतो त्याला कारण आहे. स्त्री आणि पुरुष एकत्र गातात तेव्हा निसर्गानंच वाटणी करून ठेवलेली असते. आमच्या घरी आई सकाळी भीमसेनजी आणि लताबाईंचा 'राम श्याम गुणगान' लावायची, श्रीनिवास खळ्यांच्या चालींचा. तेव्हा दोघंही कीर्तीच्या शिखरावर होते, पण कोण कुठं आहे हे लहान मुलालाही कळायचं. एक गळा मेघासारखा, एक विजेसारखा. दोन पुरुष, दोघांची पट्टी उंच, दोघंही अमेरिकेच्या दक्षिणेत वाढलेले, चर्चमधल्या गॉस्पेलचं आणि त्यातून निघालेल्या सोल संगीताचं पाणी प्यायलेले, अशी जोडी असली की ती सोय राहत नाही. एकाच अंगणात दोन माणसांनी झाडू घेतल्यासारखं होतं. कोणी कुठं थांबायचं हे त्यांनाच ठरवावं लागतं.

आम्ही ठरवून ऐकायला लागल्यावर थोडं थोडं उलगडत गेलं. किंबॉलच्या आवाजाला धार आहे, स्वर नाकाच्या शेंड्याशी येऊन चमकतो. शब्दाच्या शेवटी तो स्वराला किंचित झटका देतो, शेतातल्या माणसाला दुरून हाक मारावी तसा. जेमिसनचा आवाज छातीतून निघतो आणि वर चढला तरी गोल राहतो. ओळ संपताना तो स्वर हळूच खाली ठेवतो, टाकत नाही. एकेकटे ऐकले तर चूक व्हायचं कारण नाही. चूक होते ती जिथं एकाच्या ओळीवर दुसऱ्याची ओळ चढते त्या एक-दीड सेकंदात. तिथं येणारा गायक आपल्या ढंगात येत नाही, आधीच्याच्या ढंगात येतो. मग आपल्या वाटेला लागतो. भजनात एकानं सोडलेला शब्द दुसरा त्याच चढावर उचलतो, तसं. पंचांच्या वहीतल्या अकरापैकी नऊ जागा अशाच सांध्यांच्या होत्या.

उरलेल्या दोन कोरसमधल्या. तिथं दोघं एकत्र असतात, एक मूळ चालीवर आणि दुसरा तिला धरून वर किंवा खाली. पाश्चात्त्य हार्मनीत मूळ चाल सोडून जो जातो त्याचं काम अवघड असतं. ऐकणाऱ्याच्या तोंडी चाल राहते, हार्मनी राहत नाही. पण ती काढून घेतली तर गाणं पत्र्यासारखं पातळ होतं. शिवाय बारीकसारीक हिशोब असतात. दोघांनी 'आ' सारखाच उघडला पाहिजे, नाहीतर सूर बरोबर असूनही जोड दिसते. ओळीच्या शेवटी 'स' असेल तर तो एकानंच म्हणायचा, दोघांनी म्हटला की सापासारखा फुत्कार येतो. श्वास एकाच जागी घ्यायचा नाही, म्हणजे आवाजाची दोरी तुटत नाही. हे सगळं करताना गायकाला स्वतःला विसरावं लागत नाही, पण स्वतःकडे पाहणं मात्र थांबवावं लागतं. चाळीस वर्षं माइकच्या मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाला ते सोपं नसणार.

त्यात वय. गळा म्हणजे काही लाकडी पेटी नव्हे, आहे तशी राहायला. स्वरयंत्रातल्या कूर्चा वयाबरोबर हाडासारख्या कडक होत जातात, स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, फुप्फुसांची लवचीकता कमी होते. तरुणपणी नुसत्या ताकदीवर लागलेला वरचा स्वर साठीत कसबानंच लावावा लागतो, आणि रोज लागेलच असं नाही. म्हणून पुष्कळ जुने गायक गाणी अर्धा-एक स्वर खाली उतरवून गातात. त्यात कमीपणा काही नाही. या अल्बममध्ये दोघांच्याही आवाजाला ते वय लागलेलं ऐकू येतं. किंबॉलच्या धारेवर थोडा गंज आहे, वर जाताना एक खरखर येते आणि मगच स्वर उघडतो. मला ती खरखर आवडते. तिथं माणूस दिसतो.

माझ्या मित्राला ती सुरुवातीला सहन होत नसे. त्याचं कारण मला ठाऊक आहे.

हॉस्टेलच्या गॅदरिंगला आम्ही दोघं गायचो. वरची ओळ कोणी घ्यायची यावरून दर वर्षी धुसफूस. आवाज त्याचाच चांगला होता. वरचा स्वर तो मान न ताणता लावायचा, आणि मी खाली राहायचो, पण खाली राहतोय हे प्रेक्षकांना कळू नये म्हणून जोरात गायचो. एका वर्षी मी ठरलेलं सोडून त्याच्यावर चढायला गेलो. दोघंही किंचाळलो. टाळ्या पडल्या, म्हणून कोणाला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. ते गाणं आम्ही परत कधी म्हटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याची थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं की स्वरतंतूंकडे जाणारी नस त्या ग्रंथीला अगदी चिकटून असते, कितीही जपलं तरी आवाजावर काही परिणाम राहू शकतो. शस्त्रक्रिया चांगली झाली. गाठ निरुपद्रवी निघाली, बोलणं महिन्याभरात पूर्ववत झालं. वरचे स्वर मात्र आले नाहीत. एका विशिष्ट पट्टीच्या पुढं गेलं की गळ्यातून नुसती हवा येते. हे त्यानं मला फोनवर एकदाच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी सांगेल की गुडघ्यामुळे आता गड चढणं होत नाही. त्यानंतर त्यानं गाणं थांबवलं. गणपतीत आरतीलाही तो टाळ घेऊन मागं उभा राहायला लागला.

खेळ सुरू झाला तो त्यानंतरच. कल्पना त्याची होती. "गाता येत नाही तर निदान नीट ऐकू तरी," असं म्हणाला. मी हो म्हटलं, पण पहिल्या काही रात्री मला त्या अंधारात बसणं जड जायचं. कोरस आला की तो दोन्ही हात वर करायचा आणि तसेच धरून ठेवायचा, गाणं संपेपर्यंत.

जेमिसनबद्दल आणखी एक गोष्ट मी त्याला एका रात्री सांगितली. २०१३ साली सर्व्हायव्हरमध्ये डेव्ह बिकलर परत आला. जेमिसन गेला नाही, तोही राहिला. ज्याचं गाणं इतकी वर्षं आपण गायलो, तो मूळ माणूस आता आपल्या शेजारी उभा, एकाच रंगमंचावर. जेमिसननं ती जागा मोकळी केली आणि स्वतःही तिथंच उभा राहिला. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "मग तो त्या गाण्यात काय गात असेल रे?"

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, जेमिसन गेला. मेम्फिसला, त्रेसष्टाव्या वर्षी. किंबॉलबरोबरचा तो एक अल्बम तेवढा राहिला, दुसरा झाला नाही. तो गेल्याची बातमी मी ठाणे स्टेशनवर उभ्या उभ्या वाचली होती आणि कोणाला सांगावं ते कळेना, कारण आजूबाजूला ज्यांना 'बेवॉच'चं गाणं पाठ असेल अशी माझ्या वयाची पन्नासेक माणसं तरी उभी होती, पण त्याचं नाव सांगितलं असतं तर एकालाही ओळख पटली नसती. मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "कोण, आपला?" आपला. हाच शब्द.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मित्र ठाण्याला माझ्याकडे यायला निघाला, मी त्याला आणायला नाशिकला गेलो होतो. येताना इगतपुरी सोडलं तसं धुकं उतरायला लागलं. गाडीत तोच अल्बम, फोनवरून लावलेला. आज हात वर करायची सोय नव्हती, म्हणून आम्ही तोंडानंच नावं घेत होतो. किंबॉल. जेमिसन. जेमिसन. किंबॉल. दोघं. कसारा घाटात एका वळणावर रेंज गेली आणि कोरसच्या ऐन मध्यावर गाणं थांबलं.

मित्राचं चालूच राहिलं. तो गात होता हे मला तेव्हा कळलं. कधी सुरू केलं होतं कोण जाणे, स्पीकरच्या आवाजाखाली ऐकू येत नव्हतं. वरची ओळ नव्हती ती. खालची होती, जिच्याकडे मी हॉस्टेलवर कधी धड लक्ष दिलं नव्हतं ती. बारीक, पण सुरात. खिडकीवर पावसाचे थेंब आपटत होते, समोरच्या ट्रकचे लाल दिवे धुक्यात विरघळत होते, आणि तो ती ओळ परत परत म्हणत होता. फिरून सुरुवातीला येत होता, तिथं क्षणभर थांबत होता आणि पुन्हा सुरू करत होता.

तिसऱ्या वेळेला तो थांबला तेव्हा मी वरून शिरलो. त्याच्याच ढंगात.